चालून दाखवा

नाशिकमध्ये ज्या काकूंकडे मी भाड्यानं राहायचे, त्यांनी खोली देण्याआधी माझं आधार कार्ड मागितलं नाही. गाव विचारलं नाही. आडनाव विचारलं नाही. आणि हे मी मुद्दाम नोंदवते, कारण त्याआधी इंदिरानगरपासून कॉलेज रोडपर्यंत ज्या ज्या दारात उभी राहिले होते, तिथं पहिला प्रश्न तोच होता. काकूंनी फक्त माझ्या पायांकडे पाहिलं.

“चपला काढ. आता इथून त्या भिंतीपर्यंत चालून दाखव.”

मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. पण दिवसभर खोल्या शोधून मी थकले होते, भांडायला अंगात बळ नव्हतं, म्हणून चालले.

“टाच आधी टेकवतेस,” त्या म्हणाल्या. “जमिनीवर विश्वास आहे तुझा. राहा.”

संपली मुलाखत. मी आयुष्यात दिलेली ही सगळ्यात छोटी मुलाखत, आणि एकमेव, जिच्यात माझा अपमान झाला नाही.

काकूंचा धंदा दगडी फरश्या सुधारण्याचा. त्यातही ट्रॅव्हर्टाईन. हा दगड ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: मधासारखा रंग, अंगभर बारीक भोकं, आणि आडव्या लाटांसारख्या रेघा. झऱ्याच्या पाण्यातला चुना थरावर थर बसत गेला की तो तयार होतो. मला तेव्हा एवढंच माहीत होतं की हा दगड परदेशातून येतो आणि गंगापूर रोडच्या बंगल्यांत जाऊन बसतो. माझ्या लेखी तो दगड नव्हता, माज होता. तसं मी काकूंना पहिल्याच आठवड्यात तोंडावर सांगितलं.

“माज बंगल्याचा,” त्या म्हणाल्या. “दगडाला कोण विचारतं, तुला कुठं जायचंय म्हणून? तुला तरी कुणी विचारलं होतं का, कुठं जन्म घ्यायचाय ते?”

मी रुग्णांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात होते, अजून आहे. आम्ही पत्रकं काढतो, दवाखान्यांच्या दारात उभं राहून वाटतो. हे कळल्यापासून काकूंनी मला नावानं हाक मारणं बंद केलं. “ए चळवळ, गॅस बंद कर.” “चळवळ, दूध आलं का बघ.” मला राग यायचा, आणि त्यांना तो आलेला आवडायचा.

धंद्यात पडण्याआधी त्या ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात होत्या. पत्र्यावरचा ओरखडा दिसायच्या आधी बोटाला कळायचा, असं त्या स्वतःच सांगायच्या, न विचारता, वारंवार. त्यांच्याबद्दल कुणी चांगलं बोललं तर त्या मान डोलावून म्हणायच्या, “बरोबर बोललात.” नम्रपणा त्यांच्या घरात लिंबाइतकाच निषिद्ध होता.

आता लिंबाचं सांगते. काकूंच्या बाहेरच्या खोलीतली फरशी तुकड्यातुकड्यांची होती. लोकांनी बिघडवून, उपटून, फेकून दिलेले ट्रॅव्हर्टाईनचे तुकडे त्यांनी गोळा करून बसवले होते. एकाचा रंग दुसऱ्याशी जुळत नव्हता. काकू पाहुण्यांना ती खोली एखाद्या वॉर्डासारखी फिरून दाखवायच्या. “हा एका डॉक्टरांच्या बंगल्यातला. बाथरूमचं ॲसिड ओतलं होतं ह्याच्यावर. हा लग्नाच्या हॉलचा, कोकम सरबत. आणि हा बघा, हा वास्तुशांतीचा.” वास्तुशांतीला दृष्ट लागू नये म्हणून उंबऱ्यात लिंबू कापून ठेवतात. दगड चुन्याचा. सकाळी लिंबू उचललं की खाली दोन पांढरे गोल डाग, दगड खाल्लेला. “घराची दृष्ट निघाली,” काकू म्हणायच्या, “आणि दगडाचे डोळे गेले.”

म्हणून लिंबू, चिंच, दही, कोकम यांना त्या खोलीत बंद डब्यातूनच प्रवेश. नाशिकमध्ये राहून मिसळीवर लिंबू पिळायचं नाही, हा माझ्या मते मूलभूत हक्कांवर घाला होता. मी रविवारी मिसळ आणायचे आणि बाहेर जिन्यात बसून लिंबू पिळून खायचे. काकू आतून ओरडायच्या, “हात धुऊन ये, नाहीतर तिथंच झोप.”

त्यांच्या पर्समध्ये डोळ्यांच्या औषधाची एक रिकामी ड्रॉपरची बाटली असायची, साध्या पाण्यानं भरलेली. कुठंही दगडी फरशी दिसली की त्या वाकायच्या, एक थेंब टाकायच्या आणि बघत राहायच्या. थेंब मुरला की दगड उघडा, त्याला सील हवंय. थेंब शांत बसून राहिला की ठीक. बँकेत, लग्नात, एकदा तर कुणाच्या तरी दहाव्याला. लग्नात त्या वाकून बसल्या तेव्हा वधूकडच्या मंडळींना वाटलं, बाईंना चक्कर आली. पाणी आणलं, पंखा लावला, एकानं कांदा फोडून आणला. काकू खालूनच म्हणाल्या, “कांदा त्या हॉलच्या मालकाला हुंगवा. बेशुद्ध तो आहे.”

भाव सांगण्याआधी त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगायच्या, जे मला सांगितलं होतं. चप्पल काढा, चालून दाखवा. मोठमोठे लोक चालायचे. दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार आले होते, नवाकोरा बंगला, फरशीत तोंड दिसलं पाहिजे म्हणत होते. काकूंनी त्यांना चालवलं, मग म्हणाल्या, “तोंड बघायला आरसा घ्या. फरशी पाय ठेवायला असते. मी नाही करणार.” ते गृहस्थ गाडीत बसेपर्यंत ‘नाही करणार’चा अर्थ शोधत होते. त्यांना हे वाक्य बहुधा पहिल्यांदाच कुणी ऐकवलं होतं.

आणि एक नियम त्यांनी स्वतःला लावून घेतला होता. काम हातात घेतलं की चपला काढायच्या, काम पुरं होईपर्यंत घालायच्या नाहीत. म्हणजे फक्त फरशीवर नव्हे. रस्त्यावर, रिक्षात, भाजी बाजारात, सगळीकडे अनवाणी. “पाय खोटं बोलायला लागतात चपलेत,” असं त्यांचं म्हणणं. अंगानं त्या भरलेल्या, गुडघे दुखायचे, डिसेंबरच्या थंडीत रस्ता बर्फासारखा लागायचा. मी म्हणायचे, काकू, ही अंधश्रद्धा आहे. त्या म्हणायच्या, “तुझ्या घोषणांइतकीच. चल.”

हे सगळं मी मजेनं सांगते आहे खरं. पण मला त्यांच्याबद्दल जे वाटतं त्याला मजा हा शब्द पुरत नाही. ते का, ते आता सांगते.

शहरात एक धर्मादाय डोळ्यांचा दवाखाना आहे. नाव लिहीत नाही. दर हिवाळ्यात तिथं मोतीबिंदूचं शिबिर भरतं आणि पेठ, सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून म्हातारी माणसं बसनं येतात. दवाखान्याच्या मोठ्या दालनात ट्रॅव्हर्टाईन होता. कुणा देणगीदाराच्या बंगल्यातून उरलेला माल, दानात आलेला. पुढं नूतनीकरण झालं आणि उद्घाटनाच्या फोटोत दालन झळकावं म्हणून कुणीतरी फरशीवर चकचकीत थर मारून घेतला. फोटो छान आले. त्या हिवाळ्यात सोनीबाई नावाच्या सुरगाण्याकडच्या आजी एका डोळ्याचं ऑपरेशन करून, पट्टी बांधून बाहेर आल्या. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू तसाच होता. फरशी नुकतीच पुसलेली. त्या पडल्या आणि मनगट मोडलं. दवाखान्यानं काय केलं? ‘फरशी ओली आहे, सावकाश चाला’ अशी पाटी लावली. डोळ्यांच्या दवाखान्यात! पट्टी बांधलेल्या, अक्षरओळख नसलेल्या माणसांसाठी! हे ज्यानं ठरवलं त्याला मी आजही विचारायला तयार आहे की ती पाटी कुणी वाचायची होती.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडावर आम्ही पत्रक काढलं. मथळा माझा होता: ‘डोळा द्यायला बोलावलं, हात मोडून पाठवलं!’ खाली मागणी: ही जीवघेणी फरशी हटवा, पुढच्या शिबिराआधी दालन सुरक्षित करा.

काकूंनी ते पत्रक पोहे खाता खाता वाचलं. बिनलिंबाचे पोहे. वाचून झाल्यावर ताटली बाजूला ठेवली.

“मथळा चांगला आहे. मागणी चुकीच्या माणसाकडे आहे.”

“म्हणजे?”

“फरशीला कशाला फासावर देतेस? ती तर खाली दबून पडली आहे. उठ, ती म्हातारी कशी पडली ते मला पडून दाखव.”

आणि मी, जी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, त्या तुकड्यांच्या खोलीत सोनीबाईंसारखी पडून दाखवत होते. पाय पुढं गेला की मागं? टाच घसरली की चवडा? काकू हनुवटीला हात लावून बघत होत्या. मग त्यांनी चपला काढल्या, कोपऱ्यात ठेवल्या आणि म्हणाल्या, “चल तुझ्या दवाखान्यात.”

दवाखान्याचे सेक्रेटरी भले गृहस्थ होते, म्हणजे चहा विचारणारे. त्यांनी आमचंच पत्रक टेबलावरून उचललं. “तुमची मागणी मान्य केलीय की आम्ही, ताई. फरशी सगळी फोडतोय, टाईल्स टाकतोय. आता एवढं काम म्हटल्यावर दालन बंद. या वर्षीचं शिबिर होणार नाही. पुढच्या वर्षी बघू.”

मी ओरडले. म्हटलं, शिबिर बंद करा असं कुठं लिहिलंय आम्ही? सुरक्षित करा म्हटलं होतं! आमच्या मागणीचा दगड करून आमच्याच माणसांच्या डोळ्यांवर मारताय तुम्ही! सोनीबाईंचा दुसरा डोळा या शिबिरात व्हायचा होता. त्यांना मी पाड्यावर जाऊन भेटून आले होते. एका डोळ्यानं खोली कळत नाही, त्या म्हणाल्या होत्या, नदीतला दगड जवळ वाटतो आणि पाय पाण्यात जातो. त्यांच्या पाड्यावरून बसच्या रस्त्याला यायचं तर ती नदी दगडांवरून पाय ठेवत ओलांडावी लागते. आणखी एक वर्ष म्हणजे आणखी एक पावसाळा, ती नदी, ते दगड आणि एक डोळा.

मी हे सगळं मोठ्या आवाजात सांगत असताना काकू दालनात जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी थेंब टाकला. थेंब गोल, टुम्म, प्लास्टिकवर बसतो तसा बसला. त्यांनी पर्समधून पातं काढलं आणि दगडावर तिरकं धरून ओढलं. पारदर्शक साल निघाली, कांद्याच्या पातळ पापुद्र्यासारखी.

“हे बघा साहेब. ही फरशी नाही, ही पिशवी आहे. दगडाला पिशवीत घातलंय तुम्ही. त्याच्या आतली ओल बाहेर येईना म्हणून हे पांढरे ढग. आणि पिशवीवर पाणी पडलं की माणूस घसरणारच.” मग त्यांनी ती साल काढलेल्या जागेवर ओला अंगठा दाबून पुढं ढकलला. अंगठा अडला. “दगड धरतो. तो बिचारा आधीपासून धरायला तयार आहे. फोडायचं नाही. मी शिबिराच्या आधी करून देते. दालन बंदही करायचं नाही. अर्ध्यात रुग्ण बसतील, अर्ध्यात मी.”

“आणि नाही झालं तर?”

“तुमचे बूट काढा आणि चालून दाखवा.”

सेक्रेटरी खरंच चालले, मोजे घालून. काकूंनी मोजेही काढायला लावले. “चवडा आधी टेकवता,” त्या म्हणाल्या. “घाबरता तुम्ही या फरशीला. रोज इथं येता, आणि रोज घाबरता. म्हाताऱ्यांचं काय होत असेल?”

सेक्रेटरींनी टाईल्सवाल्याला फोन लावून काम थांबवायला सांगितलं.

मग दालनाच्या मधोमध दोरी बांधली गेली. एका बाजूला बाकांवर रुग्ण, दुसऱ्या बाजूला काकू आणि त्यांचे जुने कारागीर रफिकभाई, मशीन घेऊन. आधी तो चकचकीत थर सोडवून काढला. चिकट, पिवळट लगदा निघाला, बादल्या भरून. मग धुतलं, परत धुतलं. दारापाशी कुणीतरी वर्षानुवर्षं संडासाचं ॲसिड वापरून पुसलं होतं, तिथला दगड खरबरीत, खाल्लेला. काकूंनी त्यावरून तळहात फिरवला आणि त्यांच्या तोंडून असं काही निघालं की बाकावरच्या एका बाईनं नातीचे कान झाकले.

उघडी पडलेली भोकं भरायची होती. रफिकभाईंनी त्याच फरशीच्या कोपऱ्यातल्या जादा तुकड्याची पूड केली, तिच्यात भरणीचा मसाला कालवला, म्हणजे रंग वेगळा पडू नये. मलाही एक पातं हातात दिलं. मी गुडघ्यावर बसून भोकं भरत होते आणि हळूहळू माझी बडबड बंद पडली. कारण जवळून पाहिलं की त्या दगडात पाणी दिसतं. जसं वाहिलं, जसं थांबलं, जसं वळसा घेतला, तसंच गोठलेलं. मी दगडाला माज म्हणाले होते. काकू समोरून म्हणाल्या, “बघतेस काय, भर. किती हजार वर्षं झऱ्याखाली बसून होता कोण जाणे, तुझ्यासाठी आणखी थांबेल, शिबिर थांबणार नाही.”

मग डायमंड पॅड, म्हणजे मशीनखाली बसवायच्या गोल घासण्या. हे पॅड खरखरीत ते बारीक अशा पायऱ्यांनी चालवतात, आणि प्रत्येक पायरीला दगड जास्त चमकतो. काकूंनी मधल्याच पायरीवर मशीन बंद करायला लावलं. मऊ झाला होता, चमकत नव्हता. सेक्रेटरी येऊन पाहून गेले, हळूच म्हणाले, “अजून थोडी चकाकी...”

“रफिकभाई,” काकू म्हणाल्या, “साहेबांना पिशवी परत हवीये.”

रफिकभाई हसले. “साहब, जितना चमकेगा, उतना फिसलेगा. इथं थांबलेलंच बरं.”

आता राहिलं होतं सील. सील म्हणजे वरचा थर नव्हे. पाण्यासारखं पातळ औषध. ते दगड पितो, आतून डाग धरत नाही, आणि वर काहीच राहत नाही. जे प्यायचं राहिलं ते सुकायच्या आत पुसून काढायचं, नाहीतर परत चिकट थर. पण दगड आधी कोरडा हवा, आणि थंडी अशी पडली होती की दगड सुकायला तयार नव्हता. काकूंनी प्लास्टिकचे चौकोन जागोजागी चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बंद करून लावले. ओल असेल तर प्लास्टिकच्या आत वाफ धरते. आतले चौकोन स्वच्छ निघाले, तेवढा भाग सील झाला. दारापासून मधल्या खांबापर्यंतचे मात्र रोज सकाळी धुरकट.

शिबिर उद्यावर आलं. चौकोन धुरकटच.

सेक्रेटरींचा चेहरा पांढरा पडला होता. “बाई, आज लावून टाका. नाहीतर मी आत्ता फोन करतो, बस निघूच देऊ नका म्हणून.”

मीसुद्धा म्हणाले. हो, मीसुद्धा. “काकू, लावा ना. थोडीशीच ओल आहे.”

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी लिंबू घेऊन आत आलेय. “ओल कोंडली की ढग परत येणार. मग पुढच्या वर्षी परत कुणीतरी थर मारणार, परत कुणीतरी पडणार. मी लावणार नाही.”

“मग शिबिर?”

“शिबिर होणार. अगं, सील डागासाठी असतं. माणूस पडू नये म्हणून पॅड होतं, ते झालंय. दारापासून खांबापर्यंतचा दगड उद्या उघडाच राहील. त्याच्यावर माणसं चालतील. फक्त चहा सांडायचा नाही.” त्यांनी पदर खोचला. “ते मी बघते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात अनवाणी उभ्या होत्या, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातातला चहा काढून घेत होत्या. डॉक्टरांचाही. एक डॉक्टर म्हणाले, मी इथला सर्जन आहे. काकू म्हणाल्या, “म्हणून कप रिकामा करून परत देते आहे.”

बस आली. माणसं एकेक करून आत आली, बाकांवर बसली. सोनीबाई आल्या, मोडून जुळलेलं मनगट छातीशी धरून, आणि दारातच थांबल्या. दवाखान्यात साफसफाई करणाऱ्या मामी पोछा मारत होत्या, फरशी ओली होती. सोनीबाईंनी ती ओल पाहिली आणि मागं सरकल्या.

“मी नाय यायची आत.”

मी पुढं झाले. आजी, आता घसरत नाही, फरशी नीट केलीय, मी स्वतः भोकं भरलीयेत. नर्सनं हात धरायला पाहिलं. सोनीबाईंनी हात झटकला. “मागल्या साली बी अशीच धरून नेत व्हती. मला नाय डोळा पायजे. मी जाते माघारी.” आणि त्या खरंच बसकडे वळल्या. मागं उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. माझ्या मनात आलं, आता ही सगळी रांग वळणार.

तेव्हा काकू पुढं आल्या. मला वाटलं, आता म्हणणार: चालून दाखवा. सवयच होती त्यांना. तोंड उघडलंही होतं.

सोनीबाई त्यांच्याआधी बोलल्या. “तू केली का ही जमीन?”

“मी केली.”

“मंग तू चालून दाखव.”

काकूंना हे वाक्य आयुष्यात पहिल्यांदा परत मिळालं होतं. त्यांनी साडी थोडी वर धरली आणि ओल्या दगडावर पाय टाकला.

“अशी नाय,” सोनीबाई म्हणाल्या. “डोळं बांध. माझा एक बांधलेला व्हता न दुसरा धुरकट. डोळं उघडं ठेवून कोन बी चालंल.”

काकूंनी नर्सकडे हात पसरला. नर्सनं सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी छताकडे. काकूंच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी बांधली गेली. मामींना त्या म्हणाल्या, “अजून पाणी टाका.” मामींनी बादली कलती केली. आणि त्या जडशा, गुडघे दुखणाऱ्या, सगळ्या नाशिकला चालून दाखवायला लावणाऱ्या बाई पट्टी बांधून पाण्यातून निघाल्या. हात कुठं धरला नाही. भिंत चाचपली नाही. टाच, मग चवडा. टाच, मग चवडा. मी इतक्या सभा पाहिल्या, व्यासपीठावर छाती ठोकणारी इतकी माणसं पाहिली. आपण केलेल्या कामावर असं सगळं वजन टाकणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

खांबापाशी त्या थांबल्या आणि आवाजाच्या दिशेनं वळल्या. “झालं?”

सोनीबाई उंबऱ्यातून आत आल्या. आधी चवडा, तोही नुसता टेकवून काढून घेतलेला. बोटांनी दगड चाचपला. मग दुसरा पाय. पाण्यात उभ्या राहून त्यांनी पायाची बोटं आवळली, सोडली, परत आवळली.

“हां,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “पैले काच व्हती. आता दगड झाला.”

आणि त्या चालत निघाल्या. काकूंच्या शेजारून गेल्या, थांबल्या नाहीत, थेट ऑपरेशनच्या दाराकडे. त्यांच्यामागून रांग आत आली, अनवाणी पायांचा तो ओला, मऊ आवाज दालनभर झाला.

काकू अजून तिथंच, पट्टी बांधून उभ्या.

“चळवळ, गेली का गं ती?”

“गेली, काकू. आत गेली.”

“कशी चालली? नीट सांग.”

“दारापासून चवडा आधी टाकत होती. खांबाच्या पुढं टाच.”

त्या हात वर करून पट्टीची गाठ शोधत राहिल्या. ती मी सोडली. पट्टी आतून ओली होती. त्यावर मी एक अक्षर बोलले नाही, आणि मी गप्प बसले याची कुठंतरी नोंद व्हावी.

“माझ्या चपला घरी कोपऱ्यात आहेत,” काकू म्हणाल्या. “सील दगड सुकल्यावर लागेल, पण काम झालं. घेऊन ये.”

कुणाच्या चपला उचलायच्या नाहीत, हे आमच्या गटात पहिल्या दिवशी शिकवतात आणि मी ते मानते. मी रिक्षासाठीसुद्धा थांबले नाही. धावत गेले.